भावकी, गुरे आणि बंदूक : न्यूअर समाजाच्या अभ्यासातून दक्षिण सुदानचे युद्ध

दक्षिण सुदानमधील यादवीची बातमी मराठीत येते तेव्हा तिच्या मथळ्यात बहुधा ‘टोळीयुद्ध’ किंवा ‘वांशिक संघर्ष’ यांपैकी एक शब्द असतो. पहिला शब्द मला विशेष खटकतो, कारण मुंबईतल्या गुंडांच्या आपसातील खुनाखुनीलाही आपण टोळीयुद्धच म्हणतो आणि दरोडेखोरांचीही टोळीच असते. वाचकाची मग अशी समजूत होते की, तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत आणि भाल्यांच्या जागी रायफली आल्या एवढाच काय तो बदल झाला आहे. ही समजूत का चुकीची आहे, हे पाहायचे असेल तर नाईलच्या खोऱ्यातील न्यूअर या पशुपालक जमातीच्या दोन अभ्यासांकडे जावे लागते. पहिला १९३० च्या दशकात एका इंग्रज मानवशास्त्रज्ञाने केला आणि दुसरा त्यानंतर अर्ध्या शतकाने एका अमेरिकन संशोधक महिलेने. या दोन अभ्यासांच्या मधल्या काळात नेमके काय मोडले, हे कळले की आजचे युद्धही बरेचसे कळते.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. त्यानंतर अडीच वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबामध्ये सैन्यातल्याच दोन गटांत गोळीबार सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर हे डिंका या देशातील सर्वांत मोठ्या जमातीचे, तर त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार हे दुसऱ्या क्रमांकाच्या न्यूअर जमातीचे. एवढी माहिती हाती आल्यावर जगभरच्या माध्यमांनी ‘डिंका विरुद्ध न्यूअर’ अशी मांडणी करून टाकली.

आता पहिल्या अभ्यासाकडे वळू. एडवर्ड एव्हान्स-प्रिचर्ड हे १९३० साली न्यूअर प्रदेशात पोहोचले, तेव्हा तो भाग ब्रिटिश आणि इजिप्त यांच्या संयुक्त अमलाखालील सुदानात होता. अभ्यासाची विनंतीही तिथल्या सरकारचीच होती. १९३० ते १९३६ या काळात त्यांनी तिथे चार फेऱ्या केल्या, पण सगळे मिळून मुक्काम जेमतेम वर्षभराचा झाला. भाषा येत नव्हती, दुभाषी नव्हता, हिवताप पाठ सोडत नव्हता आणि लोक बोलायला तयार नव्हते. त्यांनी नोंदवलेला एक संवाद मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. च्वोल नावाचा एक माणूस तंबूत येतो. त्याला नाव विचारले तर ‘तुला माझे नाव हवे आहे का’ असे तोच उलट विचारतो. बऱ्याच वेळाने नाव सांगतो आणि पाहुण्याच्या वडिलांचे नाव विचारतो. तेही प्रिचर्डच, हे ऐकून त्याला ती शुद्ध थाप वाटते, कारण बापाचे आणि मुलाचे नाव एकच कसे असेल? मग त्याच्या कुळाचे नाव विचारले जाते, तेव्हा ते नाव घेऊन तू काय करणार, आपल्या देशात घेऊन जाणार का, असा त्याचा सवाल येतो. शेवटी प्रश्नकर्ता कंटाळून ‘नको मला ते नाव’ म्हणतो, तेव्हा ‘नको होते तर विचारलेस कशाला’ असे म्हणून च्वोल तंबाखू मागतो.

हा प्रसंग विनोदी आहे, पण च्वोलच्या संशयाला कारण होते. १९२७ साली न्यूअर लोकांनी फर्ग्युसन नावाच्या ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्याला ठार मारले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश विमानांनी न्यूअर वस्त्यांवर, गुरांच्या कळपांवर आणि न्गुनदेंग या त्यांच्या संतपुरुषाने उभारलेल्या मातीच्या प्रचंड टेकाडावर बाँब टाकले. १९२९ मध्ये न्गुनदेंगचा मुलगा ग्वेक त्याच टेकाडापाशी मारला गेला. एव्हान्स-प्रिचर्ड स्वतः एका गोवाड्यावर राहत असताना एके दिवशी पहाटे सरकारी फौजेने त्या तळाला वेढा घातला, बंडातील पुढाऱ्यांचा शोध घेतला आणि ओलीस माणसे नेली. अशा वेळी एक गोरा माणूस येऊन कुळाचे नाव विचारू लागला तर आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातला माणूसही वेगळे उत्तर देणार नाही.

न्यूअर स्वतःला ‘नाथ’ म्हणवतात आणि त्याचा अर्थ ‘माणसे’ एवढाच. एव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांची त्या वेळची संख्या सुमारे दोन लाख सांगितली आहे. या दोन लाखांना राजा नव्हता, सरदार नव्हता, न्यायाधीश वा पोलीसही नव्हते. ब्रिटिशांची मुख्य अडचण हीच होती. तह करायचा तर तो कोणाशी आणि कर मागायचा तर कोणाकडे? आणि तरीही हा समाज विस्कळीत नव्हता. कोणी कोणाला केव्हा मदत करायची, कोणाशी भांडण मिटवायचे आणि कोणाशी मिटवण्याचे बंधन नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. ते कशामुळे, हा एव्हान्स-प्रिचर्ड यांच्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यूअर’ या ग्रंथाचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर समजायला मराठी वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत, कारण ते उत्तर म्हणजे भावकी.

न्यूअर माणूस आपल्या कुळशाखेला ‘थोक द्विएल’ म्हणतो, म्हणजे झोपडीचे दार. एका पूर्वजाच्या अनेक बायकांच्या झोपड्या, प्रत्येक झोपडीतून निघालेली मुले, त्यांच्या पुन्हा शाखा, अशी ही विभागणी होत जाते. दोन चुलतभावांत तंटा झाला तर त्यांची सख्खी भावंडे आपापल्या बाजूला उभी राहतात. पण त्या चुलतघराण्याचा दुसऱ्या घराण्याशी तंटा झाला की कालचे दोन्ही पक्ष एक होतात. गावाविरुद्ध गाव उठले की सगळी घराणी एक, आणि दुसरी जमात चालून आली की सगळी गावे एक. वनवासातल्या युधिष्ठिराने, गंधर्वांनी दुर्योधनाला पकडल्याचे कळल्यावर, आपसात आपण पाच आणि ते शंभर असलो तरी बाहेरच्यासाठी आपण एकशे पाच आहोत असे सांगितले, ती गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. ‘आपण कोण’ हे समोर कोण उभे आहे यावर ठरते. मानवशास्त्रात या रचनेला खंडित वंशव्यवस्था असे म्हणतात. शब्द जड आहे, पण शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ गावच्या यात्रेच्या मानापमानात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला ती कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र भाऊबंदकीची भांडणे वाढत जाऊन समाजच संपून जाऊ नये यासाठी न्यूअरांकडे जी योजना होती, तिच्याकडे बारकाईने पाहायला हवे, कारण पुढे मोडली ती हीच. एकाच गावातल्या माणसांनी भांडायचे तर सोट्यांनी भांडायचे, भाला वापरायचा नाही. भाला निघतो तो दोन गावांच्या लढाईत. खून झालाच, तर मारणाऱ्याने लपायचे नाही. त्याने तडक बिबट्याचे कातडे पांघरणाऱ्या पुरोहिताच्या घरी जायचे. न्यूअर त्याला भूमीचा पुरोहित म्हणतात. तो खुन्याच्या दंडावर वरून खाली चीर देतो आणि मृताचे जे रक्त खुन्याच्या अंगात शिरले आहे असे मानले जाते, ते वाहून जाऊ देतो. ती चीर पडेपर्यंत खुन्याला अन्नपाणी वर्ज्य, कारण घोट घेतला तरी मरण येते अशी समजूत. पुरोहिताच्या अंगणात असेतोवर त्याच्यावर कोणी हात टाकत नाही. बाहेर मात्र मृताचे भाऊ भाले घेऊन टपून बसलेले असतात.

काही आठवडे गेले की पुरोहित मृताच्या घरी जातो आणि गुरे घेऊन तंटा मिटवा म्हणतो. ते नकार देतात. नकार देणे हा रिवाजच आहे, कारण भावाच्या रक्ताची किंमत पहिल्याच मागणीला मान्य केली तर लोक तोंडात शेण घालतील. पुरोहित पुन्हा जातो, शाप देण्याची धमकी देतो, आणि त्या धमकीचा आधार घेऊन, जणू काही नाइलाजाने, मृताचे नातलग तयार होतात. भरपाई चाळीस ते पन्नास गुरांची असते. ती एकट्या खुन्याला परवडणारी नसते, म्हणून त्याच्या भावकीतल्या प्रत्येकाच्या दावणीतून जनावर सुटते, आणि तरुण पोराने भाला उचलण्यापूर्वी त्याचे काके त्याला का आवरतात, याचे एक कारण या सुटणाऱ्या जनावरांत आहे. पुढची गोष्ट मला या सर्वांत महत्त्वाची वाटते. आलेल्या गुरांतून देज, म्हणजे वधूमूल्य, देऊन मृताच्या नावाने एक बायको केली जाते. तिला जवळच्या नातलगापासून झालेली मुले मृताचीच मानली जातात, त्याचेच नाव चालवतात. म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव घेतला जात नाही, तर जीव जन्माला घातला जातो. लग्नाचे देजही गुरांतच, साधारण चाळीस जनावरांचे. त्यामुळे माणसाची पैदास आणि गुरांची पैदास ही न्यूअर मनात एकाच साखळीची दोन टोके होती. न्यूअरांचे वागणे कळायचे असेल तर आधी गाय शोधा, असा सल्ला एव्हान्स-प्रिचर्ड यांनी उगाच दिलेला नाही.

तंटा मिटेपर्यंत दोन्ही घराण्यांनी एकाच भांड्यातून खायचे-प्यायचे नाही असा विटाळही होता. ‘न्यूएर’ नावाचा हा दोष अंगावर आला तर माणूस मरतो, ही भीती खरी होती. आता एकाच नदीकाठी गुरे पाजणारी, एकमेकांच्या मुली केलेली घराणी असा विटाळ किती दिवस पाळणार? सासुरवाडीला जाऊन भाकरी खाता येत नाही म्हणून जावई कासावीस होतो आणि समेटासाठी धडपडतो. मॅक्स ग्लकमन या दुसऱ्या मानवशास्त्रज्ञाने वैरातच शांततेची बीजे असतात असे जे पुढे मांडले, त्याच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे.

याचा अर्थ न्यूअर हा शांततावादी समाज होता असा मुळीच नाही. त्यांच्या नियमांना वर्तुळ होते. न्यूअरांच्या आपसातील लढायांत बायकामुलांना हात लावायचा नाही, घरे-गोठे जाळायचे नाहीत असा दंडक होता, पण डिंकांवर धाड घातली की तो लागू नसे. गुरे लुटली जात, तरुण मुली आणि मुले पळवून आणली जात, आणि म्हातारी माणसे व तान्ही मुलेही मारली जात. एव्हान्स-प्रिचर्ड यांनी ते लपवलेले नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी ‘प्राचीन वैरा’च्या सिद्धान्ताला अडचणीची ठरते. पळवून आणलेली डिंका मुले न्यूअर घरांत दत्तक जात आणि न्यूअरच होत. बहुतेक न्यूअर जमातींत निदान निम्मी माणसे मूळची डिंका वंशाची असावीत असा त्यांचा अंदाज होता. ज्या दोन जमातींची रक्ते इतकी एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यांच्यातील भेद जन्मजात आणि अढळ आहे असे म्हणणे कठीण आहे. ती सीमा ओलांडता येत होती. ती ठळक करण्याचे बरेचसे श्रेय ब्रिटिश प्रशासनाकडे जाते. १९२९-३० च्या ‘न्यूअर बंदोबस्ता’त त्यांनी काही भागांत न्यूअर आणि डिंका यांच्यामध्ये निर्मनुष्य पट्टा आखला आणि मिसळून राहणाऱ्या लोकांना आपापल्या बाजूला हाकलले.

इथेच पहिल्या अभ्यासाची मर्यादाही दिसते. बाँब, वेढे, ओलीस हे सगळे एव्हान्स-प्रिचर्ड यांच्या डोळ्यांसमोर होते, पण ग्रंथातील न्यूअर समाज जणू काळाच्या बाहेर, स्वतःच्या नियमांनी सुखेनैव चालणारा दिसतो. सरकार नावाची गोष्ट त्यात ओझरती येते. त्यांनी ‘सुव्यवस्थित अराजक’ असा जो सुरेख शब्दप्रयोग केला, त्या अराजकाच्या छाताडावर तेव्हाच एक राज्यसंस्था येऊन बसलेली होती.

ही उणीव भरून काढली ती शॅरन हचिन्सन यांनी. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या न्यूअरांमध्ये राहिल्या, युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा गेल्या आणि १९९६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्यांचा प्रश्न सरळ होता. एव्हान्स-प्रिचर्ड यांनी पाहिलेल्या त्या जगात पैसा, बंदूक आणि सरकार शिरल्यावर काय झाले?

पैशाचे उत्तर काहीसे दिलासा देणारे आहे. न्यूअर लोकांनी पैसा स्वीकारला, पण गाईच्या पंगतीला बसू दिला नाही. मुलीच्या देजातून आलेली गुरे वेगळी आणि बाजारात विकत घेतलेली ‘पैशाची गुरे’ वेगळी, असा भेद त्यांनी केला. पहिल्या प्रकारच्या गुरांवर भावकीचा हक्क चालतो, दुसऱ्यावर तितका चालत नाही. पैशाला रक्त नसते, असे ते म्हणत. याचा अर्थ असा की पैशातून नाते निपजत नाही.

बंदुकीचे उत्तर मात्र भीषण आहे. भाल्याने मारणारा माणूस मेलेल्या माणसाच्या समोर उभा असतो. भाला कोणाचा, हे दोन्ही बाजूंना माहीत असते, म्हणून पुरोहिताकडे कोणी जायचे आणि गुरे कोणी द्यायची हे ठरते. गोळी कोणाची, हे कोण सांगणार? कधीकधी झाडणाऱ्यालाही आपली गोळी कोणाला लागली हे कळत नाही. मग चीर कोणाच्या दंडावर द्यायची? गोळीने मेलेला माणूस विजेने मेलेल्यासारखाच मानावा का, असा विचार न्यूअर करू लागले, कारण वीज आभाळातून पडते आणि तिच्याकडून भरपाई मागता येत नाही. जी साखळी खुनापासून गुरांपर्यंत, गुरांपासून लग्नापर्यंत आणि लग्नापासून नव्या मुलापर्यंत जात होती, तिची पहिलीच कडी निखळली. त्याच वेळी रायफलीने गोठ्यातही जागा मिळवली. भावाभावांनी सामाईक गुरे विकून ती घेतली आणि ती त्यांच्या सामाईक मालकीची, गुरांसारखीच कुटुंबाची ठेव झाली.

तिसरी गोष्ट सरकारची. १९८३ मध्ये जॉन गॅरंग यांच्या नेतृत्वाखाली खार्टूममधील सुदान सरकारविरुद्ध सुदान पीपल्स लिबरेशन आर्मी उभी राहिली, तीत डिंका आणि न्यूअर दोघेही होते. २८ ऑगस्ट १९९१ रोजी नासिर या गावी रिएक माचार, लाम अकोल आणि गॉर्डन काँग या तीन सेनानींनी गॅरंग यांच्याविरुद्ध बंड जाहीर केले. वादाचे मुद्दे राजकीय होते. गॅरंग हुकूमशहासारखे वागतात, आणि उद्दिष्ट एकसंध नवा सुदान हे नसून स्वतंत्र दक्षिण हे असावे, असे बंडखोरांचे म्हणणे होते. अकोल तर ना न्यूअर ना डिंका, ते शिलुक जमातीचे. पण सैनिक कुठून आणायचे हा प्रश्न आला तेव्हा माचार न्यूअर मुलखाकडे वळले आणि गॅरंग डिंका मुलखाकडे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास माचार यांच्या फौजांनी आणि त्यांच्याबरोबरच्या न्यूअर तरुणांनी गॅरंग यांच्या बोर या भागात कत्तल केली. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या अंदाजानुसार त्यात सुमारे २,००० लोक मारले गेले.

या तरुणांच्या जमावाला ‘श्वेतसेना’ म्हणतात. गोवाड्यावर राहणारी पोरे डास चावू नयेत म्हणून शेणाची राख अंगाला फासतात, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. मूळ काम कळपांची राखण. हीच पोरे पुढाऱ्यांना फौज म्हणून हवी होती, आणि त्यांच्या मनात जुन्या विटाळाची भीती अजून शिल्लक होती. ती घालवण्यासाठी सेनानींनी एक नवीनच व्याख्या काढली. गावागावांतले युद्ध वेगळे आणि ‘कूर कुमे’ वेगळे. ‘कुमे’ हा शब्द अरबी ‘हुकूमा’वरून आला आहे, आपल्या ‘हुकूमत’चा तो सख्खा भाऊ. सरकारच्या युद्धात झालेल्या खुनाला विटाळ नाही, त्याला भरपाई नाही, दंडावर चीर देण्याची गरज नाही, कारण मारणारा सैनिक स्वतःच्या इच्छेने नव्हे, तर सेनानीच्या हुकमावरून मारतो, असा तो युक्तिवाद होता. हचिन्सन यांनी हा युक्तिवाद नोंदवला आहे आणि लोकांना तो पूर्णपणे पटलेला नव्हता, हेही नोंदवले आहे. पण माणूस मारण्याचा हिशेब ज्या समाजात भावकीच्या दावणीपर्यंत पोहोचत होता, तिथे तो हिशेबच रद्द झाल्याचे जाहीर करणारा माणूस, म्हणजे माचार, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा पीएच.डी. होता, ही बाब ‘रानटी परंपरे’ची भाषा करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

हचिन्सन आणि दक्षिण सुदानी अभ्यासक जोक मादुत जोक यांनी पुढे एकत्र लिहिले. जोक डिंका आहेत आणि हचिन्सन यांचा अभ्यास न्यूअरांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ऐकलेले एकत्र आले. १९९१ नंतर लढाईचे नियम कसे गळून पडले, बायका आणि मुले जाणूनबुजून लक्ष्य कशी झाली, आणि न्यूअर किंवा डिंका असणे ही लग्नाने, दत्तकाने, सहवासाने बदलू शकणारी गोष्ट न राहता रक्तात कोरलेली गोष्ट कशी मानली जाऊ लागली, हे त्यांनी दाखवले. दोन्हीकडची खेड्यांतली माणसे या लढाईला ‘शिकलेल्यांचे युद्ध’ म्हणत. इतके नेमके नाव एकाही वृत्तसंस्थेला सुचले नाही.

या युद्धात न्यूअर फक्त डिंकांशी लढले असेही नाही. बेंतिउच्या परिसरात, म्हणजे न्यूअर मुलखाच्या पश्चिम भागात, १९७८ मध्ये तेल सापडले होते. १९९९ मध्ये दीड हजार किलोमीटरांहून लांब नळातून ते लाल समुद्रावरील पोर्ट सुदानला वाहू लागले. त्या तेलक्षेत्रांच्या आसपास माचार यांच्या न्यूअर फौजा आणि खार्टूमच्या पाठिंब्यावर लढणाऱ्या पाउलिनो मातिप या न्यूअर सेनानीच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या आणि गावेच्या गावे ओस पडली. २००३ मध्ये आपल्या ओएनजीसीच्या विदेशी शाखेने त्याच तेलप्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा आपल्याकडे ती बातमी अर्थविषयक पानांवर होती, आणि साहजिकच तिथे न्यूअर हा शब्द येण्याचे कारण नव्हते.

जुन्या रीती पुरत्या मेल्या होत्या असेही नाही. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वुनलित या डिंका मुलखातील ठिकाणी चर्चच्या संघटनेच्या पुढाकाराने नाईलच्या पश्चिमेकडील न्यूअर आणि डिंका यांची परिषद भरली. आरंभी एक पांढरा बैल बळी दिला गेला. मग कित्येक दिवस एका बाजूने उठून आपली माणसे कशी मेली, गुरे कशी नेली गेली हे सांगायचे आणि दुसऱ्या बाजूने मध्ये न बोलता ते ऐकायचे, असा क्रम चालला. अखेरीस चराऊ राने आणि पाणवठे वाटून वापरायचे, पळवलेली माणसे परत करायची असे ठरले आणि त्या भागात तो समेट बऱ्याच अंशी टिकला. तो करणारे सेनानी नव्हते. गावप्रमुख, वडीलधारी माणसे आणि धर्मगुरू होते.

आता पुन्हा डिसेंबर २०१३ कडे येऊ. सत्ताधारी पक्षातल्या त्या भांडणात कीर यांच्या विरोधकांत अनेक डिंका नेते होते. गॅरंग यांच्या पत्नी रिबेका न्यानदेंग याही त्यांत होत्या. उलट देशाचा लष्करप्रमुख जेम्स होथ माई हा न्यूअर असून सरकारच्या बाजूला होता. म्हणजे १५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत हा वाद जमातींचा नव्हता. पुढच्या तीन-चार दिवसांत तो जमातींचा करण्यात आला. जुबाच्या वस्त्यांत सैनिक घरोघर जाऊन न्यूअर पुरुष शोधू लागले, डिंका भाषेत प्रश्न विचारून उत्तर न देणाऱ्याला बाजूला काढू लागले. शेकडो जणांना एका पोलीस इमारतीत कोंडून गोळ्या घातल्या गेल्या. न्यूअर मुलगा वयात येतो तेव्हा त्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा आडव्या रेघा कोरतात. तो वेदना गिळून पुरुष झाला याची ती खूण असते. जुबात त्या रेघा मरणाची खूण ठरल्या. मग सूड घ्यायला श्वेतसेना उठली. १९ डिसेंबरला अकोबो येथील संयुक्त राष्ट्रांच्या तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र न्यूअर तरुणांनी हल्ला केला, कारण तिथे काही डिंका नागरिकांनी आसरा घेतला होता. त्यांना वाचवताना दोन भारतीय सैनिक मारले गेले.

परंपरा राजकारणाच्या हाती कशी लागते याचे एक उदाहरण राहिले. ग्वेक मारला गेला तेव्हा त्याच्या बापाची, म्हणजे न्गुनदेंगची, पवित्र काठी एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नेली होती. ती २००९ मध्ये इतिहासकार डग्लस जॉन्सन यांनी परत आणली आणि जुबात ती समारंभपूर्वक स्वीकारली उपराष्ट्राध्यक्ष माचार यांनी. कपाळावर रेघा नसलेला, डावखुरा पुढारी येईल असे भाकीत न्गुनदेंगच्या नावावर सांगितले जाते. माचार डावखुरे आहेत आणि त्यांच्या कपाळावर रेघा नाहीत. हा योगायोग त्यांच्या समर्थकांच्या ध्यानात आणून देण्याची गरज कोणाला पडली नसावी.

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात या युद्धामुळे सुमारे ३,८३,००० अधिकचे मृत्यू झाले, त्यांतील जवळपास निम्मे प्रत्यक्ष हिंसाचाराचे. बेंतिउच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत एका वेळी एक लाखाहून अधिक माणसे राहत होती. ऑगस्ट २०१५ मध्ये करार झाला, जुलै २०१६ मध्ये तो जुबातच मोडला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये माचार यांच्यावर देशद्रोह आणि खुनाचे आरोप ठेवण्यात आले, ते त्या वर्षी मार्चमध्ये श्वेतसेनेने केलेल्या एका हल्ल्याच्या संदर्भात. तो हल्ला नासिरला झाला होता, जिथे १९९१ चे बंड जाहीर झाले त्याच गावी.

दोन्ही करारांत एक संमिश्र न्यायालय आणि युद्धात नुकसान सोसलेल्यांसाठी एक भरपाई प्राधिकरण स्थापन करण्याचे कलम आहे. प्राधिकरणाने पैसे द्यायचे आहेत. न्यूअर म्हातारे ज्या चाळीस-पन्नास गुरांचा हिशेब जाणतात, त्यांत गुरे कोणाच्या दावणीतून सुटली हे सगळ्या गावाला दिसायचे आणि मेलेल्याच्या नावाने घरात एक मूल रांगायचे.